मदत हवी आहे: जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफीवर) अल्केन जुळतात, इथेनॉल का जुळत नाही?

नमस्कार मंडळी,

पॅक्ड कॉलमवर (दाणेदार सपोर्टवर द्रवाचा थर देऊन भरलेली नळी) अनंत विरलतेचे अ‍ॅक्टिव्हिटी कोइफिशंट काढतोय, म्हणजे अगदी विरल द्रावण आदर्श वागण्यापासून किती दूर जातं त्याचा आकडा. स्टेशनरी फेज (कॉलममधला स्थिर द्रव) स्क्वालेन, हा अध्रुवीय हायड्रोकार्बन; नमुना वाहून नेणारा कॅरियर वायू हीलियम. हेक्झेन, हेप्टेन अपेक्षित आकड्यांशी छान जुळतात. इथेनॉल काही केल्या बसत नाही. पीकला भरपूर टेलिंग (मागे लांब शेपूट), आणि इंजेक्शन जितकं लहान तितका रिटेन्शन टाइम (कॉलममधून बाहेर यायला लागणारा वेळ) वाढतो. विरलता वाढल्यावर आकडा स्थिरावायला हवा ना?

प्रवाह मोजायच्या बबल मीटरमधल्या पाण्याच्या बाष्पदाबाची दुरुस्ती करतो (25 अंशांना 3.17 किलोपास्कल, सोडली तर तिथेच 3 टक्के गेले), कॉलमभर दाब घटतो त्यासाठी जेम्स-मार्टिन गुणक लावतो, डेड टाइम (न अडकणाऱ्या वायूला लागणारा वेळ) मिथेनने घेतो. ओव्हनचं तापमान वेगळ्या थर्मामीटरने पडताळलंय.

5 आणि 15 टक्के लोडिंगचे (सपोर्टवरच्या द्रवाचं प्रमाण) दोन कॉलम आहेत. द्रवाच्या ग्रॅममागे हेक्झेनचा रिटेन्शन व्हॉल्यूम दोन्हींवर सारखा, इथेनॉलचा 5 टक्केवाल्यावर बराच जास्त. दोष सपोर्टचा की द्रवाच्या पृष्ठभागाचा? खरी किंमत काढायची कशी? एन्थाल्पीचं सगळं काम इथेच अडलंय.

प्रतिसाद

हेक्झेन दोन्हीकडे जुळतो, तेव्हा प्रवाह, दाब, तापमान, द्रवाचं वजन यांवरचा संशय फिटला. तिथली चूक हेक्झेनलाही दिसली असती. हे सपोर्टवरचं अ‍ॅडसॉर्प्शन (पृष्ठभागाला चिकटणं) आहे. सपोर्टच्या डायटोमाइटवरचे सिलॅनॉल (Si–OH) गट अल्कोहोलला हायड्रोजन बंधाने धरतात. जागा मोजक्याच, त्यामुळे मोठ्या नमुन्यात त्या भरून जातात आणि लहान नमुन्यात त्यांचाच प्रभाव उरतो. म्हणून विरल केलं की चूक वाढते. द्रवाच्या पृष्ठभागाचा त्रास मुख्यतः उलट जोडीत होतो: द्रव ध्रुवीय, नमुना अध्रुवीय.

डीएमसीएस (डायमिथाइलडायक्लोरोसिलेन) लावून सिलॅनॉल झाकलेला सपोर्ट घ्या आणि आणखी एकदोन जास्त लोडिंगचे कॉलम भरा. नेट रिटेन्शन व्हॉल्यूमला द्रवाच्या आकारमानाने भागा आणि तो आकडा द्रवाच्या आकारमानाच्या व्यस्तासमोर मांडा. रेषा व्यस्त शून्य होईपर्यंत वाढवली की मिळतो तो फक्त द्रवातला पार्टिशन कोइफिशंट (द्रव आणि वायूतल्या संहतींचं गुणोत्तर). मात्र तुलना वायूतली संहती सारखी असलेल्या बिंदूंचीच करा. सारखं इंजेक्शन दिलं म्हणजे संहती सारखी होत नाही.

धागाकर्ता

खूप आभार! हे प्रत्येक तापमानाला करावं लागेल?

प्रतिसाद

हो, प्रत्येक. अ‍ॅडसॉर्प्शनची एन्थाल्पी द्रावणापेक्षा मोठी, म्हणून कमी तापमानाला त्याचा वाटा वाढतो आणि ही दुरुस्ती न करता एन्थाल्पीसाठी तापमानाच्या व्यस्तासमोर रिटेन्शनचा लॉगरिदम मांडला तर उतार जास्त येतो. ती रेषा तरीही बऱ्यापैकी सरळच दिसते, त्यामुळे आलेख बघून ही चूक पकडता येत नाही.