घरातलं जुन्या कागदांचं दफ्तर अभिलेखागाराला द्यायचं आहे, पण एका पत्रापाशी अडलेय. मदत हवी

नमस्कार मंडळी,

सातारा जिल्ह्यातलं आमचं जुनं घर दोन महिन्यांत उतरवायचं आहे. माडीवरचं फडताळ आणि एक लोखंडी ट्रंक, दोन्हींत मिळून अकरा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, निघाले. लाल कापड, आत वेखंडाचे तुकडे, कागद बहुतेक मोडीत. मी वर्षभर मोडीच्या वर्गाला गेले, त्यामुळे सन, मायना आणि आकडे लागतात. मजकूर मात्र सलग लागत नाही. एका कागदावर ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ लागलं तेव्हा वही मिटून तशीच बसून राहिले. अरबी शब्दांत लिहिलेला हा जुना सन, शुहूर ११७२, म्हणजे इ. स. १७७१-७२.

इनामाचे कागद, कर्जरोखे, भाऊबंदांचे तंटे, जमाखर्चाच्या वह्या, पोस्टकार्डं, सगळं एकत्र आहे. मोठे काका म्हणतात, इनामाचं तेवढं पुण्याला द्या, बाकी वाण्याच्या याद्या कोण वाचणार? परदेशातल्या चुलतभावाला एक शिक्क्याचा कागद चौकटीत लावायला हवाय. मला वाटतं सगळं एकत्रच जावं, पण का ते काकांना नीट सांगता येत नाही.

आता खरी अडचण. पणजोबांची धाकटी बहीण, घरात अजूनही सगळे त्यांना आक्काच म्हणतात. लहान वयात विधवा झाल्या आणि सासरीच राहिल्या. त्यांनी भावाला पाठवलेली तेवीस पत्रं एका रुमालात आहेत. बालबोध म्हणजे देवनागरी लिपी, मोठ्ठं अक्षर, ओळी खाली घसरलेल्या. एक सोडून सगळी मी वाचू शकले, आणि वाचून दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. उरलेल्या एका पत्राची पहिलीच ओळ आहे, ‘हे पत्र वाचून फाडून टाकणे.’

पणजोबांनी ते फाडलं नाही. मागच्या बाजूला मोडीत ‘पावले’, म्हणजे मिळाले, आणि तिथी लिहून बाकीच्यांबरोबर बांधून ठेवलं. मी पहिल्या ओळीपाशीच थांबले आहे. हे पत्र द्यायचं का? देताना काही अटी घालता येतात का? आणि नेण्याआधी कागदांचं काय करू, काय करू नको?

प्रतिसाद १

ताई, आधी काय करू नये ते सांगतो, कारण ते आजच लागेल. लॅमिनेशन नको, चिकटपट्टी नको, डांबराच्या गोळ्या नकोत. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, तीही नको. ऊन दाखवायचा मोह होईल, तो टाळा. काजळीची शाई टिकाऊ असते, पण पाण्याने पसरते, म्हणून ओल्या फडक्याने पुसू नका. आणि तारखेप्रमाणे लावायला तर अजिबात बसू नका. कोणता कागद कुणाशेजारी बांधला होता, हीसुद्धा माहितीच असते. रुमालाला क्रमांक द्या, उघडताना प्रत्येक थराचा फोटो काढा, पुन्हा तसाच बांधा.

काकांना एवढंच सांगा. १८५२ च्या कायद्यानंतर इंग्रज सरकारच्या इनाम कमिशनने घरोघरच्या इनामांची छाननी केली. तुमच्या सनदेची नक्कल किंवा नोंद पुण्याच्या पुराभिलेखागारात असू शकते. वाण्याची यादी मात्र जगात तेवढी एकच आहे. दुष्काळाच्या साली घरात कोणतं धान्य आलं, लग्नाला कर्ज किती काढलं, बाळंतिणीसाठी काय आणलं, हे सनदेत कुठून मिळणार?

चुलतभावाला चांगली छापील प्रत द्या. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात ऐतिहासिक मोलाचे कागद पंचाहत्तर वर्षांचे झाले की पुरावस्तू ठरतात, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही.

प्रतिसाद २

कुठे द्यायचं, तर पुण्यातलं भारत इतिहास संशोधक मंडळ. १९१० साली इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी ते स्थापलं, तेव्हापासून घराण्यांची दफ्तरं तिथे येत आहेत. धुळ्याचं राजवाडे मंडळही आहे. तुमचा भाग पाहता मी आधी पुण्याला विचारेन. दोन्हीकडे एकेक रुमाल वाटू नका.

अटी घालता येतात, पण तोंडी नको. दानपत्रात लिहून घ्या: हे पाकीट अमुक सालापर्यंत कुणाला दाखवू नये, नंतर उघडावं. संस्थेला ते मान्य आहे का, हे सही करण्याआधी विचारा. आणखी एक, कागद देणं आणि छापायचा हक्क देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अप्रकाशित पत्रांचा लेखाधिकार लिहिणाऱ्याच्या वारसांकडे असू शकतो, म्हणून त्याचंही एक वाक्य हवं.

प्रतिसाद ३

मला वरचं सगळं पटतं, त्या एका पत्राचं सोडून. आक्कांनी जन्मात किती गोष्टी स्वतःच्या मर्जीने मागितल्या असतील? ही एक मागितली. इतिहासाचं थोडं नुकसान झालं तरी चालेल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांना वाण्याच्या यादीचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी स्वतः रुमालांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या बांधत बसले होते.

तिसरा प्रतिसाद वाचून रात्रभर झोप आली नाही. सकाळी पत्र पुन्हा हातात घेतलं. घड्या झिजून कागद दोन ठिकाणी विरलाय, म्हणजे पणजोबांनी ते पुष्कळदा उघडलं असणार. त्यांनाही फाडवलं नाही. मी फाडणार नाही, वाचणारही नाही. वेगळ्या पाकिटात घालून, आक्कांचं म्हणणं पाकिटावर लिहून, त्याच रुमालात ठेवलंय. बावीस पत्रं खुली आणि हे एक बंद, असं मंडळाला विचारणार आहे.

आता एकच विचारायचं राहिलं. बंद ठेवायची मुदत लिहिताना साल घालावं, की घरातली आक्कांना पाहिलेली शेवटची व्यक्ती जाईपर्यंत असं लिहावं? आमच्याकडे तशी एक आजी आहे, ब्याण्णव वर्षांची. कुणी असं दानपत्र केलं असेल, तर त्यातली शब्दरचना कृपया इथे द्या.