अनुभव धागा: कान कुठे वळला? (रेगे, डब, हिपहॉप आणि आसपास)

पहिल्यांदा डब (जमैकाच्या रेगे संगीताचाच एक प्रकार) ऐकलं तेव्हा मी हेडफोनची पिन काढली, फुंकर मारली आणि परत लावली. गाणं सुरू तर नीट झालं होतं. गायक दोन ओळी म्हणाला आणि तिसऱ्या ओळीच्या अर्ध्यातच गायब. मागे उरला खर्जात घुमणारा बेस आणि ड्रम. मग कुठून तरी त्याच गायकाचं अर्धं अक्षर आलं, आठ-दहा वेळा आपटत आपटत लांब गेलं आणि विरलं. म्हटलं, गेली एक बाजू. पिन तिरकी धरून पाहिली, दुसरा हेडफोन आणून पाहिला. तिसऱ्या खेपेला कळलं की वस्तू धड आहे, गाणंच असं आहे.

गंमत अशी की या प्रकाराचा जन्मही चुकीतलाच. १९६८च्या सुमारास जमैकात रडी रेडवुड नावाचा एक साउंड सिस्टिमवाला होता. (साउंड सिस्टिम म्हणजे भलेथोरले स्पीकर, अँप्लिफायर, तबकड्या आणि त्या वाजवणारी माणसं, असा सगळा फिरता जलसा.) त्याच्यासाठी एका गाण्याची तबकडी कापताना गायकाचा आवाज चढवायचाच राहिला. रेडवुडने ती तशीच लावली आणि जमलेले लोक स्वतःच गाऊ लागले. पुढे तबकडीच्या मागच्या बाजूला असं बिनआवाजाचं ‘व्हर्जन’ छापायची रीतच पडली. त्यात किंग टबी आला. हा मूळचा रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्त करणारा माणूस. मिक्सरचे खटके आणि दांड्या त्याने वाद्यासारख्या वापरल्या: हे बंद कर, ते उघड, एवढा एकच शब्द प्रतिध्वनीत सोडून दे. गाण्यातून काय काढून घ्यायचं याचीच ती कला. मला तोवर वाटायचं की संगीत म्हणजे भर घालत जाणं.

तर धागा यासाठी. ‘माझी आवडती दहा गाणी’ नकोत, त्या याद्या ढिगाने आहेत. अनोळखी संगीत तुमच्यापर्यंत कसं आलं, आधी काय गैरसमज झाला आणि तिथून पुढे कुठे भरकटलात, ते लिहा. रेगे-डब-हिपहॉपच हवं असंही नाही.

*

मी सात वर्षं तबला शिकलो आणि त्यामुळेच रेगेने माझी फजिती केली.

टाळी देता येईना. चार मात्रांचं साधं चक्र, लहान मूलही मोजेल, पण माझी टाळी दरवेळी रिकाम्या जागी पडायची. कारण ‘वन ड्रॉप’ नावाच्या ठेक्यात पहिल्या मात्रेवर ड्रमचा मोठा ठोका नसतोच. तो येतो तिसरीवर, आणि आला की जडशीळ येतो. मधल्या फटीत गिटार आणि ऑर्गनचे आखूड फटकारे, तेही दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. आमच्या कानाला सम म्हणजे घर. दिवसभर कुठेही हिंडा, संध्याकाळी तिथे यायचं. इथे घरी आलो तर दाराला कुलूप.

बरेच दिवस हा प्रकार मला नुसता चमत्कारिक वाटला. मग एकदा रियाजाला बसलो, रूपक हा सात मात्रांचा ताल लावला आणि हात थांबला. ती ती ना, धी ना, धी ना. रूपकात समेवरच खाली! पहिल्या मात्रेला डग्गा मुका असतो आणि खर्जाचा घुमार पहिल्यांदा येतो तो चौथ्या मात्रेच्या ‘धी’ला. म्हणजे ज्याला मी परकं म्हणत होतो ते मी सात वर्षं स्वतःच वाजवत होतो. मात्रा वेगळ्या, चालणं वेगळं, दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे मान्य. पण पहिली मात्रा मोकळी सोडली की ऐकणारा पुढच्या ठोक्याकडे आपोआप झुकतो, ही युक्ती दोन्हीकडे तीच.

त्यानंतर कार्लटन बॅरेट हा ड्रमवाला नीट ऐकला. बॉब मार्लीच्या वेलर्समध्ये तो ड्रमवर आणि त्याचा भाऊ अॅस्टन बेसवर. माझी विनंती आहे, मार्लीचं कुठलंही गाजलेलं गाणं लावा आणि मार्लीकडे संपूर्ण दुर्लक्ष करून या दोघा भावांना ऐका. मी वर्षभर तेच केलं. शब्द अजून धड पाठ नाहीत.

*

वरच्या तबलजींना एक शेपूट जोडतो. ठोका तिसऱ्या मात्रेवर की दुसऱ्या-चौथ्या, हे तुम्ही मोजता कसं त्यावर आहे. निम्म्या वेगाने मोजलंत तर तोच ठोका दोन आणि चारवर पडतो. आम्हा दोघा मित्रांचं यावरून एकदा चांगलंच वाजलं होतं, आणि दोघेही बरोबर होतो. शिवाय सगळं रेगे वन ड्रॉप नाही. ‘स्टेपर्स’मध्ये मोठा ड्रम चारही मात्रांवर पडतो, पलटण चालल्यासारखा. ज्यांना घराला कुलूप चालत नाही त्यांनी तिथून सुरुवात करावी.

*

मला रेगे आवडत नाही. एक गाणं ऐकलं की सगळी ऐकली. टीशर्टवरचा तो केसांच्या जटांचा चेहरा पाहून तर अजूनच नको वाटायचं.

पण त्याच बेटावरचं आधीचं संगीत, स्का, ते मात्र मला वेड लावून गेलं. १९६४ मध्ये जमलेला स्कॅटलाइट्सचा ताफा ऐका. ट्रॉम्बोन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, सगळे जाझमध्ये मुरलेले आणि सगळे घाईत. पुढे १९६६च्या आसपास तीच लय मंदावून रॉकस्टेडी झालं, आणि आणखी दोनेक वर्षांत रेगे. मी मंदावण्याच्या आधीच गाडीतून उतरलो, इतकंच.

*

माझा शोध एका बटणापाशी संपतो.

लहानपणी माझ्याकडे छोटा कॅसिओ होता. बोटाएवढ्या पट्ट्या आणि एका बाजूला तयार ठेक्यांची बटणं. मी गाणं कधीच शिकले नाही, ठेके लावून नुसतं ऐकत बसायचे. मोठ्यांच्या मते हे वाद्याचा अपमान करणं होतं.

कितीतरी वर्षांनी जमैकन डान्सहॉल (रेगेतून निघालेलं नाचाचं संगीत) ऐकताना वेन स्मिथचं १९८५चं ‘अंडर मी स्लेंग टेंग’ कानावर पडलं आणि मी ताठ बसले. हा तर खेळण्यातला आवाज! शोधलं तर खरंच तसं. कॅसिओच्या एमटी-४० या लहानशा कीबोर्डमध्ये ‘रॉक’ नावाचा तयार ठेका होता. तो हळू करून प्रिन्स जॅमी या निर्मात्याने त्यावर गाणं उभं केलं. ना ड्रमवाला, ना बेसवाला. त्यावर मग इतक्या गायकांनी आपापले शब्द चढवले की मोजदाद अवघड. तिथे याला ‘रिडिम’ म्हणतात. मला समजायला सोपं गेलं, कारण आपल्याकडे चाल असते तसंच आहे: एकच चाल, शब्द ज्याचे त्याचे, आणि चाल कुणाची हे विचारायला कुणी थांबत नाही. फरक एवढाच की इथे चालीबरोबर वाजवणंही जसंच्या तसं उचललं जातं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. तो ठेका कॅसिओत भरणारी बाई होती हिरोको ओकुदा. संगीत शिकून १९८० मध्ये कंपनीत नव्याने लागलेली, आणि एमटी-४० हे तिचं पहिलंच काम. कॉलेजात तिने प्रबंध कशावर लिहिला होता? रेगेवर! म्हणजे जमैकाचं गाणं जपानला गेलं, एका मुलीच्या डोक्यात मुरलं, ‘रॉक’ अशा भलत्याच नावाच्या बटणात बसलं आणि जमैकाला परत गेलं. तिथल्यांनी ते बरोबर ओळखलं.

माझा कॅसिओ कधीचा भंगारात गेला. त्याचा नंबर आठवत नाही, हे आता छळतं.

*

‘हे गाणं नाही, हे भांडण आहे,’ असं म्हणून मी हिपहॉप पंधरा वर्षं टाळलं. वळलो ते यमकामुळे. शाळेत वृत्तं मात्रा मोजून घोटलेली, त्यामुळे ओळीच्या शेवटी यमक जुळलं की काम झालं असं डोक्यात पक्कं. मग राकिम या रॅपरचं १९८७चं काम ऐकलं. हा माणूस यमक ओळीच्या पोटात घालतो, दोनदा, तीनदा, आणि वाक्य ओळ ओलांडून पलीकडे नेतो. आवाज मुळीच चढवत नाही. तो सॅक्सोफोन वाजवायचा हे नंतर कळलं आणि मग त्याचं श्वास घेणंही कळलं. कागदावर ओळी उतरवून जुळणाऱ्या अक्षरांखाली रंगीत रेघा मारत बसलो होतो. घरच्यांना वाटलं परीक्षा देतोय.

धागाकर्त्यांच्या डबशी याचं नातं सरळ रक्ताचं आहे. हिपहॉपचा वाढदिवस म्हणून ११ ऑगस्ट १९७३ सांगतात: न्यू यॉर्कच्या ब्राँक्समध्ये, १५२० सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीतल्या खोलीत सिंडी कॅम्पबेलने जलसा ठेवला आणि तिचा भाऊ कूल हर्क याने तबकड्या लावल्या. हर्क किंग्स्टनमध्ये जन्मलेला, लहान वयात ब्राँक्सला आलेला. मोठ्या स्पीकरांचा सोस त्याने तिकडूनच आणला. त्याच्या लक्षात आलं की लोक गाण्यातल्या त्या तुकड्याची वाट पाहतात जिथे सगळे थांबतात आणि ड्रम एकटा उरतो. मग त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावला. तिकडे टबी गाणं काढून टाकत होता, इकडे हर्क गाणं टाळत होता!

अशा तुकड्यांतला सर्वांत गाजलेला म्हणजे ‘आमेन, ब्रदर’मधला. द विन्स्टन्स या चमूचं १९६९चं गाणं, ग्रेगरी कोलमनचा ड्रम, जेमतेम सहा-सात सेकंद. हिपहॉपने तो उचललाच, पण पुढे इंग्लंडात जंगल आणि ड्रम-अँड-बेस हे अख्खे प्रकार त्यावर उभे राहिले. कोलमन २००६ मध्ये वारला आणि त्याला त्यातून दमडी मिळाली नाही. मी तो तुकडा आता मोकळ्या मनाने ऐकू शकत नाही.

*

वरच्यांना: दमडी नाही, पण निदान नाव तरी, असंही एकदा झालंय. २००२ मध्ये ट्रूथ हर्ट्स या गायिकेचं ‘अॅडिक्टिव्ह’ मी मोठ्याने लावलं होतं. आई आतल्या खोलीतून म्हणाली, ‘लताबाईंचं का बिघडवलंय?’ मी म्हटलं, अगं इंग्रजी आहे. ती हात पुसत बाहेर आली आणि पुढची ओळ गायली. ‘थोडा रेशम लगता है’, १९८१चा ‘ज्योती’, संगीत बप्पी लाहिरी. डीजे क्विक या निर्मात्याने ते टीव्हीवर ऐकून उचललं होतं, परवानगी न घेता. प्रकरण अमेरिकेच्या कोर्टात गेलं आणि लाहिरींचं नाव छापल्याशिवाय विक्री करू नका असा आदेश निघाला.

आईने त्यानंतर माझी सगळी हिपहॉप गाणी ‘मूळ कुठलं?’ म्हणून तपासायला घेतली. बहुतेकदा नापास करते. मिसी एलियटचं ‘गेट योर फ्रीक ऑन’ मात्र तुंबीसाठी (पंजाबी एकतारी वाद्य) पास.

*

वय एकोणसत्तर. माझा उजवा कान कामातून गेलाय आणि डाव्याने वरच्या पट्टीचं ऐकू येणं बंद झालंय. स, श, फ ही अक्षरं मी अंदाजाने घेतो. व्हायोलिन तर संपलंच. आयुष्यभर ऐकलेली गाणी लावली की ती आठवावी लागतात, ऐकू येत नाहीत. ते नको झालं म्हणून ऐकणंच सोडलं होतं.

भाच्याने डब लावलं. स्पीकर लाकडी टेबलावर होता आणि माझे तळहात टेबलावर. बेस हातातून वर आला, मग छातीत, मग कानात. शब्द नाहीत, म्हणजे शब्द चुकण्याची भीती नाही. झांजेची कुजबुज माझ्यापर्यंत पोचत नाही, भाचा म्हणतो तिथे काहीतरी आहे. असू दे. फार दिवसांनी एक गाणं असं मिळालं जे मी आधी कधी चांगल्या कानाने ऐकलेलं नाही. त्यामुळे तुलना करायला काही नाही.

*

मी मागे मागे जाणारी. अमेरिकन रॅपर नास आणि डेमियन मार्ली (बॉबचा धाकटा) यांचा २०१०चा एकत्र अल्बम ऐकत होते. पहिल्याच गाण्यात मागे एक विलक्षण वाद्यमेळ, जाझही नाही आणि अरबीही नाही. तो निघाला इथिओपियाच्या मुलातू अस्तात्केचा. अमेरिकेत जाऊन व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) शिकलेला हा माणूस, परत येऊन तिथल्या पाच सुरांच्या चौकटी त्याने जाझमध्ये मिसळल्या. त्यातल्या ‘तझिता’ चौकटीच्या एका रूपात सूर आहेत सा रे ग प ध. भूप! मात्र भूपासारखा गंधार गोंजारत बसत नाहीत, त्यामुळे ओळखीचा माणूस परक्या चालीने चालताना दिसावा तसं होतं. तझिता म्हणजे आठवण. रॅप ऐकायला बसले होते ते तीन महिने आदिस अबाबातच अडकले. रॅपचा अल्बम अजून अर्धाच ऐकलाय.

*

सगळ्यांचं वाचून झालं. मला ताल कळत नाही, इतिहासही नाही. आमची मुलगी पाच महिन्यांची आहे आणि अंगाई लावली की टक्क जागी होते, कोण गातंय ते बघायला. धाग्याचा पहिला भाग वाचून काल रात्री किंग टबी लावला. बेसवर चार मिनिटांत डोळे मिटले. मग मधेच ते गायकाचं अर्धं अक्षर उगवलं आणि ही परत जागी!

बिनआवाजाच्या व्हर्जनांची नावं कळवा. अक्षर अजिबात न येणारी. आजच रात्री हवी आहेत.