डिझेल-इलेक्ट्रिक दोनसीटर: ६० च्या वर अ‍ॅव्हरेज मिळेल का? सिरीज की पॅरलल?

चासीवाला: नमस्कार. ट्यूब चासी, फायबरची बॉडी, दोघे बसल्यावर वजन ६०० किलो. मालवाहू रिक्षाचं चारशे सीसीच्या आसपासचं सिंगल सिलिंडर डिझेल इंजिन फक्त जनरेटर फिरवेल, तो ४८ व्होल्टची लिथियम बॅटरी भरेल आणि ५ किलोवॉटची मोटर गाडी ओढेल, म्हणजे सिरीज हायब्रिड. इंजिन कायम एकाच आरपीएमवर, म्हणून ६० च्या पुढे अ‍ॅव्हरेज मिळावं असा हिशेब आहे. बरोबर आहे का? घाट चढेल का?

टॉर्क_सातारा: आधी चाकाला किती ताकद लागते ते काढा. टायरचा रोधगुणांक ०.०१०, हवेचा सीडी (म्हणजे गाडीच्या आकाराचा हवेतला रोधगुणांक) ०.३० आणि समोरचं क्षेत्रफळ १.७ चौरस मीटर धरलं तर ताशी ६० ला टायर ५९ न्यूटन आणि हवा ८१ न्यूटन खाते. म्हणजे जेमतेम २.३ किलोवॉट. ८० ला तेच साडेचारवर जातं.

लिटरभर डिझेलमध्ये साधारण १० किलोवॉट-तास असतात. लहान इंजिन चांगल्या लोडवर त्यातले तीन-सव्वातीन शाफ्टवर देतं. पुढे जनरेटर, रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा), कंट्रोलर (मोटरला वीज मोजून देणारा), मोटर आणि शेवटचा गिअर मिळून ३० टक्के खातात. चाकाशी उरतात २.२. किलोमीटरला ०.०३९ लागतात, म्हणजे सपाट रस्त्यावर न थांबता ५५-५६. वीज बॅटरीतून फिरून आली तर त्याहून कमी. तेच पॅरलल पद्धतीने, म्हणजे इंजिनाने गिअरबॉक्समधून थेट चाकाला दिलं आणि मोटर फक्त जोडीला ठेवली, तर सहा-सात टक्केच जातात.

आणि आरपीएमपेक्षा लोड महत्त्वाचा. कमी लोडवर डिझेल इंजिनही उधळपट्टी करतं. टॉप गिअर इतका लांब ठेवा की ६० ला इंजिन १७०० आरपीएमच्या आसपास राहील, मग ते दोन तृतीयांश लोडवर चालतं आणि ६५ सुद्धा आवाक्यात येतात. फोक्सवॅगनची एक्सएलवनही पॅरललच होती: दोन सिलिंडरचं ३५ किलोवॉटचं डिझेल, २० किलोवॉटची मोटर, वजन ७९५ किलो. पण तिची खरी कमाई ०.१८९ या सीडीत होती. तुमचा वेळ बॉडीच्या शेपटीवर आणि चासीखालच्या सपाट पत्र्यावर घाला.

घाटाची काळजी नको. ६ टक्के चढावर ताशी ४० ला ५ किलोवॉट लागतात, इंजिन आणि मोटर मिळून ते सहज देतात.

वायरमन: रचना सोपी ठेवा. रिक्षाचं इंजिन-गिअरबॉक्स-डिफरन्शियल जसंच्या तसं मागे, मोटर पुढच्या अ‍ॅक्सलला. दोन्हींची जोड रस्ताच करतो, मधे वेगळा क्लच लागत नाही. बॅटरी ३ किलोवॉट-तासांची पुरे.

सिंगल सिलिंडरची थरथर कमी लेखू नका. ब्रॅकेटच्या वेल्डिंगला तडे जातात, डिझेलची नळी घासते, वायरींच्या टोकांचे लग सैल होतात. इंजिन रबर माउंटिंगवर, शेवटची नळी लवचिक, आणि कंट्रोलर इंजिनाच्या फ्रेमवर कधीच नको.

चासीवाला: आणि ब्रेक मारताना परत मिळणारी वीज?

वायरमन: ६० वरून थांबताना गाडीत फक्त ०.०२३ किलोवॉट-तास असतात, हाती येतात त्यातले निम्मे. सिग्नलच्या रस्त्यावर उपयोग आहे, हायवेवर नाही. धोका मात्र मोठा: बॅटरी भरलेली असताना घाट उतरलात की बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) जोडणी तोडतं, व्होल्टेज एकदम उसळतं आणि कंट्रोलरचे मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) जळतात. चार्ज ८० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका आणि कंट्रोलरची रीजनची (ब्रेक मारताना वीज परत घेण्याची) व्होल्टेज मर्यादा बीएमएसच्या कटऑफपेक्षा खाली लावा.

टॉर्क_सातारा: मोजणीबद्दल. टाकी फुल करून काढलेला आकडा इथे फसवतो. डिझेल वेगळ्या डब्यातून द्या आणि डबा आधी-नंतर काट्यावर तोला. चाचणीच्या सुरुवातीला आणि शेवटी बॅटरीचा चार्ज सारखाच हवा. १ किलोवॉट-तासाचा फरक म्हणजे जवळपास ०.३७ लिटर डिझेल, आणि १०० किलोमीटरला एकूण लागतंय दीड-पावणेदोन!

रोध तपासायला सपाट रस्त्यावर न्यूट्रल करून ६० वरून ५० वर यायला किती सेकंद लागतात ते दोन्ही दिशांनी मोजा. १३-१४ आले तर वरचं गणित लागू. ९ आले तर आधी ब्रेक घासतोय का आणि चाकांचा टो (पुढून आत-बाहेर वळलेली आहेत का) बघा, इंजिनाला हात लावू नका.

मात्र हे सगळं बंद आवारात. केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ प्रमाणे प्रोटोटाइपला पुण्याच्या एआरएआयसारख्या (वाहनं तपासणाऱ्या) संस्थेची मान्यता मिळाल्याशिवाय अशा गाडीची नोंदणी होत नाही.