बॉयलरचा फ्लू खिडकीखाली असेल तर

तुमच्या गॅस बॉयलरच्या फ्लूचं, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या नळीचं, तोंड मुलांच्या खोलीच्या खिडकीखाली जेमतेम वीतभर आहे, काय करावं, असं तुम्ही विचारलंयत. इंग्लंडमध्ये पंख्याने धूर बाहेर ढकलणाऱ्या बॉयलरच्या फ्लूला उघडणाऱ्या खिडकीपासून किमान ३०० मिमी अंतर लागतं. तेव्हा तपासणी होईपर्यंत बॉयलर बंद ठेवा आणि कार्बन मोनॉक्साइडचा (धुरातल्या विषारी वायूचा) अलार्म आजच बसवा.

वरच्या प्रतिसादात कोणी सुचवलंय तसा फ्लूचा पाइप स्वतः कापून एल्बो (वळणाचा जोड) अजिबात लावू नका; सांधा सैल राहिला तर धूर घरातच शिरेल. गॅस सेफ (ब्रिटनमधली गॅस कारागिरांची अधिकृत यादी) नोंदणी असलेला इंजिनिअर बोलवा, त्याचं कार्ड मागून बघा. बऱ्याचदा बॉयलरच्याच कंपनीच्या प्लूम किटने भागतं: हवा घेणारं तोंड जागेवर राहतं, फक्त धुराची नळी लांब नेतात. तिचा उतार मात्र बॉयलरकडेच हवा, नाहीतर आम्लयुक्त पाणी भिंतीवर ठिबकत राहतं.

कोणाचं डोकं दुखलं, मळमळलं तर लगेच घराबाहेर पडा आणि गॅसच्या आणीबाणीच्या ०८०० १११ ९९९ या नंबरला फोन लावा.