वादळ समुद्रात, पाणी आपल्या दारात : तुमचे अनुभव लिहा

सोलापूरला ना समुद्र ना बंदर, मग चक्रीवादळाचा धागा कशाला? मलाही असंच वाटायचं. लेक फ्लोरिडात, टॅम्पाला राहायला गेली आणि कळायला लागलं. तिथे १ जून ते ३० नोव्हेंबर हरिकेनचा मोसम. हरिकेन म्हणजे आपलं चक्रीवादळच, समुद्र वेगळा म्हणून नाव वेगळं. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मिल्टन' आलं. लेकीचं घर सक्तीने रिकामं करायच्या झोनमध्ये, म्हणून दोघं मैत्रिणीकडे निघून गेली. निघताना तिने फ्रीजरमध्ये पेलाभर पाणी गोठवलं आणि बर्फावर रुपयाचं नाणं ठेवलं. परत आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक. तळाला गेलं असेल तर मधे लाइट बराच वेळ नव्हती, सगळं वितळून पुन्हा गोठलंय, अन्न टाकून द्यायचं. घर वाचलं, पण नाणं तळाला! माझ्या हातच्या पुरणपोळ्या गेल्या कचऱ्यात.

आता तुम्ही लिहा.

जुळे सोलापूरकर

१४ ऑक्टोबर २०२०. घटस्थापना तीन दिवसांवर. "परतीचा पाऊस आहे, दमेल की," म्हणत टीव्ही बघत बसलो. खाली पार्किंगमध्ये पाणी स्कूटरच्या सीटला लागलं तेव्हा उठलो. इन्व्हर्टरची बॅटरी जिन्याखाली, फरशीवरच. आता ती छातीएवढ्या उंच अँगलवर आहे. बायको म्हणते, देव्हारा खाली आणि बॅटरी वर.

पूर्वभागातला

आमचे पाहुणे काकीनाड्याला असतात. त्याच पावसाचा पट्टा १३ तारखेला सकाळी तिथे किनाऱ्यावर चढला होता. मेहुण्याचा फोन आला, "आमच्याकडचं निघालं, आता तुमच्याकडे येतंय." आम्ही हसलो. तेलंगणा, कर्नाटक ओलांडून दुसऱ्या दिवशी ते खरंच दारात. खालच्या सोप्यातलं सूत भिजलं, चादरीचं काम आठवडाभर बंद. वारा ताशी ६२ किलोमीटरच्या आसपास गेल्याशिवाय हवामान खातं वादळाला नाव देत नाही. हे होतं नुसतं 'डीप डिप्रेशन', म्हणजे चक्रीवादळाच्या एक पायरी खालचं. नाव नसलेल्या वादळाला कोण घाबरतंय? त्याच वर्षीचं 'निसर्ग' चक्रीवादळ सगळ्यांच्या लक्षात आहे, हे कोणाच्या नाही.

भीमाकाठ, तालुका मंगळवेढा

शहरवाल्यांनो, तुमचा पाऊस थांबून ऊन पडलं की आमचं सुरू होतं. उजनी धरणातून विसर्ग वाढवणार असा मेसेज आला की पहिलं काम म्हणजे नदीवरच्या पाण्याच्या मोटारी काढणं. आधी लाइन बंद करून घ्यायची, मग पाण्यात उतरायचं. नट गंजलेला, पान्हा सटकतोय, गुडघाभर गाळ आणि बॅटरी धरणारं पोरगं मधेच उजेड दुसरीकडे करतंय. २०२० ला चौघांनी मोटार ओढून काठावर आणली आणि दमून तिथेच ठेवली. पहाटे काठच पाण्यात. आता ट्रॅक्टर लावून थेट घरापर्यंत आणतो. जनावरांची दावी संध्याकाळीच सोडून ठेवतो. त्याच १४ तारखेला पंढरपुरात घाटाची भिंत कोसळून सहा माणसं गेली, ते विसरलो नाही.

निवृत्त भूगोल शिक्षक

हरिकेनची १ ते ५ श्रेणी फक्त वाऱ्याच्या वेगावरून ठरते. ताशी २५२ किलोमीटर गाठलं की पाचवी. पाऊस किती पडेल, हे त्या आकड्यात येतच नाही. आणि किनाऱ्यावर चढलं की वारा मरतो, ढगातलं पाणी पुढे चालत राहतं. सप्टेंबर २०२४ मधलं 'हेलीन' फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर चढलं, पण शेकडो किलोमीटर आत, डोंगरातलं ॲशव्हिल नावाचं शहर वाहून गेल्यात जमा झालं. नळाला पिण्यालायक पाणी यायला ५३ दिवस लागले. चार दिवसांआड पाणी भरणाऱ्या आपल्या बायकांना तिथे शिकवायला पाठवायला हवं होतं! थट्टा सोडा, भरलेले बॅरल ही आपली तयारीच आहे, फक्त झाकण घट्ट हवं.

माहेर सोलापूर, सासर अलिबाग

३ जून २०२० ला 'निसर्ग' आमच्या डोक्यावरून गेलं. पत्रे गेले, माड आडवे झाले, लाइट कित्येक दिवस नाही, चूल पेटवावी तर लाकडं ओली. लॉकडाउनआधी माहेराहून कडक भाकऱ्यांचा डबा आणि शेंगाची चटणी आणली होती. "हे काय पापडासारखं," म्हणून सासूबाईंनी तेव्हा बाजूला सारलेला तो डबा आम्ही सहा जणांनी तीन दिवस पुरवला. आता मे उजाडला की त्याच विचारतात, "सोलापूरचा डबा अजून कसा नाही आला?"