मानसशास्त्राच्या असोसिएशनची मेंबरशिप घ्यावी का? नागपूरच्या लोकांनी सांगा प्लीज

मन_लावून_ऐकते

नमस्कार सगळ्यांना, मी नागपूरचीच, आपल्या तुकडोजी महाराज विद्यापीठातून सायकॉलॉजीत एमए केलं, रेग्युलर, आणि दीड वर्षापासून धरमपेठेत एका काउन्सेलिंग सेंटरला काम करून राहिली आहे. आमच्या मॅडमनी परवा एका नॅशनल लेव्हलच्या असोसिएशनचा फॉर्म हातात दिला आणि म्हणाल्या, घेऊन टाक लाइफ मेंबरशिप, पुढे कामात येते. आता फी बघितली तर माझा जवळपास अर्धा पगार जातो त्यात, आणि घरी भाड्याला मी पण हातभार लावते, म्हणून विचार पडला.

मॅडमनी त्यांच्या मेंबर ग्रुपमधले मेसेज दाखवले मला. रोज काही ना काही अनाउन्समेंट असते. वार्षिक कॉन्फरन्सला अ‍ॅब्स्ट्रॅक्ट पाठवायची लास्ट डेट, ३५ वर्षांखालच्यांसाठी पेपर अवॉर्ड, ट्रॅव्हल ग्रँट, कॉन्फरन्सच्या आदल्या दिवशीचं वर्कशॉप, जर्नलला रिव्ह्यूअर पाहिजेत, मग इलेक्शनची नोटीस, मग कुठल्या तरी टेस्टच्या मराठी अनुवादासाठी मदत पाहिजे. वाचून वाचून डोकं गरगरलं, कळेचना यातलं माझ्यासारखीच्या कामाचं काय आहे. मला रिसर्च आवडतो पण सेंटरला सकाळी दहा ते रात्री आठ असते मी, वेळ कुठून आणू.

बाबा विचारतात, सर्टिफिकेट आलं की स्वतःची प्रॅक्टिस टाकता येईल ना. मला त्यांना नक्की काय सांगावं समजत नाही. ज्यांनी मेंबरशिप घेतली त्यांनी खरं खरं सांगा, काय मिळालं तुम्हाला?

बर्डीचा_मुलगा

ताई, पहिले बाबांच्या प्रश्नाचं सांगतो कारण तिथे लय लोक फसतात. असोसिएशनची मेंबरशिप म्हणजे लायसन्स नाही. कोणत्याच असोसिएशनची नाही, कितीही जुनी असू द्या. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर आरसीआयच्या, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाच्या, सेंट्रल रजिस्टरमध्ये नाव पाहिजे, तो १९९२ चा कायदा आहे, आणि २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्टमधली क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या पण आरसीआयने मान्य केलेल्या शिक्षणालाच धरून आहे. नुसत्या एमएवर बोर्डावर 'क्लिनिकल' लिहू नका, मग मेंबरशिपचं सर्टिफिकेट बाजूला टांगलेलं असलं तरी.

काउन्सेलर आणि बाकीच्या सायकॉलॉजिस्ट लोकांसाठी २०२१ चा अलाइड हेल्थकेअरचा कायदा आला, एनसीएएचपी म्हणतात तो, त्यात बिहेवियरल हेल्थ सायन्सेस म्हणून आपला गट आहे. त्याच कायद्याचा आधार घेऊन यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून सायकॉलॉजीचे डिस्टन्स आणि ऑनलाइन कोर्स बंद करायला सांगितले. तुमचं रेग्युलर आहे ही मोठी गोष्ट आहे ताई, ते जपून ठेवा, मार्कशीटा लॅमिनेट नका करू फक्त, व्हेरिफिकेशनला त्रास होते.

मग मेंबरशिपचा फायदा काय? माझं आरसीआयचं रजिस्ट्रेशन आहे, ते पाच वर्षांनी रिन्यू करावं लागते आणि त्याला सीआरई पॉइंट, म्हणजे पुढे शिकत राहिल्याचे पॉइंट, लागतात. असोसिएशनच्या कॉन्फरन्सला आणि वर्कशॉपला बऱ्याचदा आरसीआयची मान्यता असते, तिथून पॉइंट मिळतात, मेंबरला फी कमी पडते. अनाउन्समेंटमध्ये 'आरसीआय अप्रूव्ड' लिहिलं आहे का आणि किती पॉइंट ते पहिले बघायचं, नाही लिहिलं तर फोन करून विचारायचं, लाजायचं नाही. पण तुमच्याकडे अजून रजिस्ट्रेशनच नाही तर पॉइंटचा आज काही उपयोग नाही. म्हणून माझ्या मते लाइफ मेंबरशिपची घाई नका करू. ॲसोसिएट किंवा वर्षाची मेंबरशिप असली तर तीच घ्या.

अभ्यासिका_लॉ_कॉलेज_चौक

मी कॉलेजला शिकवते, पीएचडी पण चालू आहे. मला एकच गोष्ट सांगायची आहे कारण माझे पैसे गेले आणि त्याहून जास्त वेळ गेला.

तीन वर्षांपूर्वी मला मेल आला, इंटरनॅशनल कॉन्फरन्स, पेपर चोवीस तासांत ॲक्सेप्ट, बेस्ट पेपर अवॉर्ड, सोबत जर्नलमध्ये प्रकाशन. नाव इतकं भारदस्त होतं की मला वाटलं कुठल्या तरी मोठ्या संघटनेचंच आहे. फी भरली. ऑनलाइन सेशनला माझ्यासोबत केमिस्ट्रीवाले, कॉमर्सवाले, एक जण तर मासेमारीवर बोलले, आणि माझ्या पेपरला एकही प्रश्न नाही. मी सहा महिने जागून केलेला डेटा होता तो, हिंगण्याच्या तीन शाळांमधल्या मुलींचा, आणि कोणी वाचलाच नाही. त्या रात्री मी फार रडले. पैशासाठी नाही, त्या मुलींनी इतक्या मोकळेपणाने सांगितलं होतं त्याचं मी हे काय केलं म्हणून.

तर अनाउन्समेंट आली की बघायचं की आयोजक संस्थेचं नाव जुन्या मेंबर लोकांना माहीत आहे का, सायंटिफिक कमिटीत ओळखीचे प्राध्यापक आहेत का, ॲब्स्ट्रॅक्ट तपासायला काही आठवडे घेतात का, आणि त्यांच्या जर्नलचे जुने अंक सहज सापडतात का. यूजीसीची केअर लिस्ट, म्हणजे चांगल्या जर्नलची यादी, आधी आधार होती, ती २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केली, आता जर्नलची पारख आपल्याला आणि आपल्या कॉलेजलाच करावी लागते. इथे खऱ्या असोसिएशनचा मला फार उपयोग झाला. क्लिनिकलवाल्यांची इंडियन असोसिएशन ऑफ क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट्स, म्हणजे आयएसीपी, १९६८ पासून आहे, नॅशनल अकॅडमी ऑफ सायकॉलॉजी १९८९ पासून, दोघांची स्वतःची जर्नल्स आहेत. तिथे पाठवलेला माझा पहिला पेपर परत आला, पण सोबत दीड पान कॉमेंट आले. कोणीतरी ओळ न् ओळ वाचली होती! मला त्या नकाराचा जितका आनंद झाला तितका त्या खोट्या अवॉर्डचा पण झाला नव्हता.

ट्रॅव्हल ग्रँटचं म्हणशील तर अर्ज कर, वय लहान आहे तोवरच मिळते. इंटरनॅशनल काँग्रेस ऑफ सायकॉलॉजी दर चार वर्षांनी असते, २०२४ ला प्रागला झाली, पुढची २०२८ ला मेलबर्नला आहे. आत्तापासून डेटा जमा केला तर तोवर सांगण्यासारखं काही हातात असेल.

सावनेर_रोड

अगं पोरी, तुझा मेसेज दोनदा वाचला. तू यादीत सगळ्यात शेवटी जे लिहिलंस ना, टेस्टच्या मराठी अनुवादासाठी मदत पाहिजे, तेच तुझ्या कामाचं आहे. बाकी सगळं नंतर बघ.

मी या कामात सव्वीस वर्षं आहे, आधी मेडिकलच्या बाजूला एका ओपीडीत, मग खेडोपाडी कॅम्पमध्ये. एकदा सावनेरकडच्या कॅम्पला डिप्रेशनची प्रश्नावली घेऊन बसले होते, छापील मराठी. समोर पन्नाशीची बाई, कापूस वेचून आलेली, बोटांना चिरा पडलेल्या. मी वाचलं, गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला निरुत्साही वाटले का. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "निरुत्साही म्हंजे काय वं बाई?" मी समजवायला गेले तर तिने तोवर माझं मन राखायला 'नाही' म्हणून टाकलं. पुढच्या प्रश्नाला पण नाही, त्याच्या पुढच्याला पण नाही. स्कोअर आला जवळपास शून्य. कागद सांगत होता बाई एकदम ठीक आहे.

मी पेन खाली ठेवला आणि विचारलं, मावशी, मन लागते का कशात? तर तिच्या डोळ्याला एकदम पाणी. म्हणे, "कशातच नाही लागत वं. जीव घाबरा होते, सयपाक करावा वाटत नाही, रात्रभर छताकडे पाहत राहतो." चार महिने झाले होते, जावई गेला होता तिचा. मी ती प्रश्नावली परत पहिल्यापासून तिच्या शब्दांत विचारली, आणि त्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे पाठवलं.

तो शून्याचा कागद मी अजून ठेवला आहे, नाव खोडून.

त्यानंतर आमच्या असोसिएशनने एका टेस्टच्या मराठीकरणासाठी मेंबर लोकांना बोलावलं तेव्हा मी लगेच हात वर केला. या कामात नुसतं भाषांतर नसते. दोघं जण वेगवेगळं मराठी करतात, मग दोन्ही जुळवतात, मग ज्याने मूळ पाहिलं नाही असा माणूस ते परत इंग्रजीत करतो, मग जाणकार बसून फरक बघतात, आणि मग खऱ्या लोकांना एकेक वाक्य विचारायचं की तुम्हाला यातून काय समजलं. त्या शेवटच्या पायरीला पुण्या-मुंबईचे लोक पुरत नाहीत. तिथे आपल्यासारखेच लागतात, ज्यांच्या कानात 'डोकं भणभण करते' आणि 'अंगात कस नाही राह्यला' रोज पडते. तू धरमपेठेत बसतेस म्हणून फक्त धरमपेठेचे येतात असं थोडीच आहे, कामठीहून येत असतील, कुहीहून येत असतील. एक वही ठेव. माणूस आपल्या दुखण्याला कोणत्या शब्दाने हाक मारतो तेवढंच लिही, नाव गाव काही नको. वर्षभरात तुझ्याकडे जे जमा होईल ते मोठ्या मोठ्या प्राध्यापकांकडे नसेल.

आणि याला दहा ते आठची नोकरी आड येत नाही, कारण ते कामातूनच होते.

आमचा छोटा गट आहे, असोसिएशनमधूनच ओळखी झालेले सात-आठ जण, महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बसतो, प्रत्येक वेळी एक जण आपली अडलेली केस सांगतो, ओळख लपवून. सुपरव्हिजनला, म्हणजे अनुभवी माणसाला आपल्या केस दाखवून सल्ला घ्यायला, पैसे मोजायची तुझी ऐपत नसेल तर ये इकडे. दीड वर्ष एकटीने काम करणं बरं नाही गं, आतल्या आत साचत जाते.

शाळेतली_ताई

सावनेर रोड मॅडम, वाचून गहिवरून आलं. मी पण आज वही आणणार आहे.

मला नोकरीच्या संधीबद्दल सांगायचं होतं. सुप्रीम कोर्टाने २५ जुलै २०२५ ला विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर गाइडलाइन दिल्या, विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात. त्यात आहे की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक क्वालिफाइड काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर ठेवावा, आणि त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं. कोचिंग क्लास पण आले त्यात. शिवाय सगळ्या स्टाफला वर्षातून निदान दोनदा ट्रेनिंग. आपल्या नागपुरात क्लासेस किती आहेत ते सांगायला नको, गोंदिया-भंडाऱ्याची, चंद्रपूरची पोरं येऊन होस्टेलला राहतात. आमच्या मेंबर ग्रुपवर हल्ली अशा जागांच्या जाहिराती येऊन राहिल्या आहेत, पेपरमध्ये येत नाहीत त्या. पण विचारून घे की बसायला वेगळी खोली आहे का. मला एका ठिकाणी स्टाफरूमच्या कोपऱ्यात पडदा लावून दिला होता, मुलगी हळू बोलत होती आणि पलीकडे दोन सर चहा पीत होते. मी तिला घेऊन ग्राउंडवर गेले शेवटी, आणि महिन्याभरात ती नोकरी सोडली.

जिल्ह्याचा_माणूस

थोडक्यात सांगतो, ड्युटीवर आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात, डीएमएचपी, जागा निघतात पण कॉन्ट्रॅक्टच्या, आणि सायकॉलॉजिस्टच्या पदाला पात्रता काय मागितली ते नीट वाचा, क्लिनिकल असेल तर आरसीआय लागेल. तुम्हाला त्या बाजूला जायचं असेल तर शिक्षणाचं आत्ताच ठरवा, कारण क्लिनिकलच्या एम.फिल.ला यूजीसीने २०२५-२६ पर्यंतचीच मुभा दिली होती. आता कोणता कोर्स मान्य आहे ते आरसीआयच्या साइटवर कॉलेजच्या नावासकट बघा, एजंटच्या तोंडावर विश्वास नको. मेंबरशिपचे पैसे वाचवून त्या प्रवेशाला ठेवले तरी चालेल, मी तर तेच म्हणीन. आणि एक फुकटचं काम करा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ तुमच्या सेंटरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा. सेंटर आठला बंद होते, लोकांचं दुखणं बंद होत नाही.

बर्डीचा_मुलगा

जिल्ह्याचा माणूस सर, पैसे प्रवेशाला ठेवा हे पटते पण पूर्ण नाही पटत. मी पण पैसे वाचवतो म्हणून तीन वर्षं कुठेच मेंबर नव्हतो, आणि त्या तीन वर्षांत माझ्या चुका मला सांगणारं कोणी नव्हतं. एका पोराला मी चार सेशन रिलॅक्सेशन शिकवत बसलो आणि त्याला थायरॉइडचा त्रास होता, साधी रक्ताची तपासणी सुचवायला पाहिजे होती. सावनेर रोड मॅडमच्या गटात पहिल्याच शनिवारी ते सांगितलं तर कोणी रागावलं नाही, पण त्या दिवसापासून माझ्या फॉर्मवर पहिला प्रश्न तब्येतीचा असतो.

मन_लावून_ऐकते

सगळ्यांचे खूप खूप आभार, मी बसमध्ये वाचत होते आणि शंकर नगरचा स्टॉप निघून गेला. बाबांना समजावून सांगितलं, लायसन्स वेगळं आणि मेंबरशिप वेगळी, ते म्हणे मग पहिले तो आरसीआयचा कोर्स बघ. म्हणून ठरवलं की लाइफ नाही, वर्षाचीच घेते, आणि अनुवादाच्या कामाला आज मेल टाकला.

वही आणली आहे मॅडम. आज दुपारी एक आजोबा आले होते मौद्याहून, मी विचारलं कसं वाटते, तर म्हणाले "पोरी, मनात भुसा भरल्यासारखा झाला". तेच लिहिलं पहिल्या पानावर. त्यांना मी डिप्रेशन म्हणजे काय ते सांगणार होते पण थांबले, आणि विचारलं की भुसा कधीपासून आहे. मग ते तासभर बोलले.

शनिवारी किती वाजता येऊ?

सावनेर_रोड

सव्वाचारला. शंकर नगर मेट्रोला उतर, या वेळी स्टेशन चुकवू नको, मी खाली उभी असते. वही आण. आणि भुशाची केस तूच मांड, फक्त मौदा म्हणू नको, एक गाव म्हण.