मदत हवी: स्टॅन्ले बेली नं. ४ रंध्याचा पितळी नट (उलटे आटे)

जुन्या बाजारातला अमेरिकन स्टॅन्ले रंधा आहे. फ्रॉगमागे (पातं ज्यावर टेकतं तो तिरपा भाग) शेवटची पेटंट तारीख १९ एप्रिल १९१० कोरलेली, म्हणजे १९१० ते १९१८ च्या दरम्यानचा, संग्राहकांच्या वर्गवारीत टाइप ११. पातं २ इंची, फ्रॉग, कॅप आयर्न, लिव्हर कॅप सगळं शाबूत. फक्त पातं खालीवर करणारा गोल पितळी नट गायब आहे.

व्हर्नियर आणि पिच गेज लावून पाहिलं: स्टडचा (नट ज्यावर चढतो त्या आटेवाल्या दांड्याचा) व्यास ९/३२ इंच (७.१ मिमी), इंचाला २४ आटे, तेही उलटे (डावे). एम-७ चा (७ मिमी मेट्रिक) नट त्यामुळे चढतच नाही. जबरदस्ती केली तर स्टडच जाईल. लेथवाल्याकडे या मापाचा उलटा टॅप (नटात आटे पाडायचं हत्यार) नाही, आणि एका नटासाठी तो मागवायलाही तयार नाही. आयात नटाला कुरिअरच रंध्यापेक्षा महाग पडतं. स्टड बदलून सुलटे आटे करायचे नाहीत, फिरवायची सवय उलटी होते.

मूळ नट १ इंची. १९१९ नंतरचा सव्वा इंची असला तरी चालेल, आटे तेच आहेत.

अनंत या भारतीय कंपनीच्या ए४ रंध्याचा नट कुणी स्टॅन्लेच्या स्टडवर प्रत्यक्ष चढवून पाहिलाय का? आणि अनंतच्या सुट्या भागांचा आट्यांच्या मापांसकट तक्ता कुणाकडे आहे का?